पहिल्या दाण्याचा हात

माझा हात चांगला आहे असं कुणी म्हटलं की मी आधी त्याच्या तोंडाकडे पाहते. हा माणूस खरं बोलतो की याला माझ्याकडून काही पाहिजे, हे तोंड पाहून कळतं असं नाही, तरी पाहते. सवयच आहे. दुकानातून साखर आणली तरी पुडी हातात तोलून बघते. नवऱ्याला लोहारा गावच्या कारखान्यातून यायला उशीर झाला की त्याने सांगितलेलं कारण मी दोनदा ऐकते, एकदा त्याच्या तोंडून आणि एकदा मनात. विचारत मात्र काही नाही. माझ्या तोंडात शब्द कमी आणि मनात शक जास्त. शाळा चौथीपर्यंत झाली. तिथेही उत्तर यायचं, पण मी सांगत नसे.

माझं म्हणावं असं माझ्याजवळ काय आहे, हे मी कधी कधी भांडी घासताना मनात मांडून पाहते. घर सासऱ्यांच्या नावावर. शेत नाहीच. माहेरून आलेला पितळी गुंड धाकट्या जावेकडे आहे, कारण पाणी भरून ठेवायला तिच्याकडे जागा जास्त आहे असं ती म्हणाली आणि मी हो म्हटलं. रूप बेताचं. बोलणं तर नाहीच. उरतो तो हात.

हा हात माझ्याजवळ कसा आला ते सांगते. लग्न होऊन बाभुळगावच्या पुढच्या या गावात आले, त्याच साली मी एका मोठ्या शेतावर सरकी टोबायला गेले होते. सरकी म्हणजे कपाशीचं बी, आणि टोबायचं म्हणजे वाकून एकेक दाणा बोटाने मातीत दाबायचा. शेतमालकाची आई धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, नारळ घेऊन उभी होती. तिला आम्ही सगळ्या आजी म्हणतो. त्यांच्या घरची एक रीत आहे. पहिला दाणा घरच्या माणसाने टाकायचा नाही. बाहेरच्या बाईने टाकायचा. आजी तिच्या ओटीत सरकी घालते, मग ती बाई मातीला कुंकू लावते आणि पहिलं तास, म्हणजे टोबायची पहिली ओळ, एकटी टोबून पुरं करते. तोवर बाकीच्या बाया धुऱ्यावर थांबतात. आणि तास संपेपर्यंत त्या बाईने एक शब्द बोलायचा नाही. उरलेले दाणे तिने पदराला बांधून घरी न्यायचे आणि कापूस घरात येईपर्यंत देवाजवळ ठेवायचे.

त्या दिवशी आजीने सगळ्यांवरून नजर फिरवली. बाया गप्पांत होत्या. मी एका टोकाला बाभळीखाली उभी होते.

"हे कोनाची सून वं? हिले तोंड हाय का नाई?" आजीने विचारलं.

"हाय, पन उघडत नाई," कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या हसल्या.

"मंग हेच पायजे मले," आजी म्हणाली. "गेल्या साली टाकनारी अर्ध्या तासात सासूच्या कागाळ्या सांगून राह्यली होती."

म्हणजे मला निवडलं ते हातासाठी नव्हे, तोंडासाठी. हे मी विसरले नाही, पण बाकीचे विसरले. त्या वर्षी त्या शेतात कपाशी अशी आली की माणूस आत शिरला तर दिसेना. आजी गावभर सांगत सुटली की पोरीच्या हाताला लाग आहे. पुढच्या वर्षी पुन्हा मला बोलावलं. मग दरवर्षी. मग दुसऱ्या घरच्याही बाया येऊ लागल्या. कुणाला कढीपत्त्याचं रोप लावून पाहिजे, कुणाचं दही लागत नाही म्हणून विरजण माझ्या हाताने घालून पाहिजे. मी जायची, हात लावायची, परत यायची. बोलायचं काम नव्हतं, ते बरं होतं.

खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. एस.टी.च्या थांब्यावर ज्या बाया मला सरकायलाही सांगत नसत, त्या टोबणीच्या दिवशी धुऱ्यावर उभ्या राहून माझी वाट बघत. सरकीला औषध लावलेलं असतं, त्याचा गुलाबी रंग बोटांना चिकटतो. तो रंग जाईपर्यंत मी हात पदरात घेत नसे. पण आवडताना मनात हेही चाले की ही मला कायले बोलावते? खरंच हात पाहते, की फुकटात गप्प बसणारी बाई मिळाली म्हणून?

धाकटी जाऊ माझ्या उलट. तिचं तोंड सकाळी चूल पेटायच्या आधी सुरू होतं. ती माझ्या हाताची मस्करी करायची. "बाईच्या हाताचा विमा काढून ठेवा भावजी, एखाद्या दिवशी विळ्यानं कापला तं गाव उपाशी मरन," असं माझ्या नवऱ्याला सांगायची. तो हसायचा. मीही हसायची. पण हसताना ती माझ्या बोटांकडे जास्त वेळ बघते असं मला वाटायचं.

मागच्या वर्षी टोबणी नेहमीसारखी झाली. पाणीही वेळेवर आलं. काही दिवसांनी तण निंदायच्या कामाचं विचारायला आम्ही शेतावर गेलो तर तासंच्या तासं रिकामी. कुठे एखादा कोंब, तोही मान टाकलेला. धुऱ्याच्या पलीकडे दुसऱ्याच्या शेतात मात्र ओळी हिरव्या झाल्या होत्या. तेच आभाळ, तीच माती. आजी धुऱ्यावर उभी राहून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होती. मग तिने माझ्याकडे पाहिलं. पदर सावरून घराकडे निघाली. तिने काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

दोन दिवसांनी मी दळण घेऊन चक्कीवर गेले. आत दोघी बोलत होत्या. चक्कीच्या आवाजामुळे त्यांना मोठ्याने बोलावं लागत होतं, म्हणून मला बाहेर सगळं ऐकू आलं.

"हात आटला म्हनते तिचा."

"हात आटते का कोठी?"

"म्हशीचं दूध आटते तं हात काहून नाई आटनार? मयतीले गेलती म्हने आदल्या दिशी, आंघोळ न करता तशीच गेली टोबाले."

मी कुठल्याही मयतीला गेले नव्हते. हे कुणी उठवलं असेल? धाकटी जाऊ सकाळी चक्कीवर येऊन गेली होती, तिच्या डब्याचं झाकण तिथेच राहिलं होतं. मी ते झाकण उचललं, दळण तसंच घेऊन घरी आले आणि झाकण तिच्या ओट्यावर ठेवलं.

"अगं बाई, चक्कीत राह्यलतं का?" ती म्हणाली. "अन् तुमचं दळन तसंच?"

"गर्दी होती," मी म्हटलं.

तिच्या तोंडावर काही दिसलं नाही. मला वाटलं, ज्याच्या मनात काही असतं त्याच्याच तोंडावर काही दिसत नाही.

त्या दिवसांत मी माझा हात उन्हात धरून बघायची. आधीसारखाच होता. अंगठ्याजवळ भेग, तळव्यावर घट्टे. हातातून काही गेलं असेल तर ते कुठून गेलं असेल? दही लागतं का ते बघितलं, लागत होतं. पण दूध आमच्याच शेळीचं, ते कुणीही लावलं तरी लागतं. मग वाटलं, गेलं असेल तर आधी होतं म्हणायचं. ही एक गोष्ट बरी वाटली आणि तिच्यामुळेच मी घाबरले.

मग जावेनेच बातमी आणली. आजीच्या घरी पुन्हा टोबायचं ठरलं होतं. तिच्या मुलाने त्याच दुकानातून पुन्हा सरकीच्या पुड्या आणून ठेवल्या होत्या, आता फक्त एका पावसाची वाट होती. आणि आजीने या वेळी पहिल्या दाण्यासाठी जावेला विचारलं होतं.

"म्या हो म्हनलं," जाऊ म्हणाली. "तुमाले राग नाई ना बाई?"

"नाई," मी म्हटलं.

दुसऱ्या बाईने पहिला दाणा टाकला आणि ते शेत उगवलं की संपलं. मग माझा हात गेला हे गावाला पटणार. मला कुणी कढीपत्ता लावायलाही बोलावणार नाही. आणि माझ्याजवळ दुसरं होतं तरी काय?

देवाजवळच्या डबीत ते उरलेले दाणे होते. कापूस येईपर्यंत ठेवायचे असतात. पण येणारच नव्हता, मग कशासाठी ठेवायचे? मी न्हाणीमागचं फुटकं घमेलं घेतलं, माती भरली, मधे एक वीट उभी रोवली. एका बाजूला मी दाणे टोबले. घरची तूर होती, परसातल्या झाडांची, तिचेही दाणे थोडे बाजूला टाकले. घरच्या तुरीबद्दल मला शक नव्हता. मग जावेला हाक मारली. आयुष्यात मी तिला पहिल्यांदा काही करायला सांगत होते, त्यामुळे ती हातातला झाडू तसाच घेऊन आली.

"इकडल्या बाजूनं तू टाक," मी म्हटलं. "सरकी अन् तूर."

ती आधी घमेल्याकडे, मग माझ्याकडे बघत राहिली. "काहून?"

"पाहाचं हाय."

"काय पाहाचं हाय? माह्या हातानं नाई उगवलं तं गावात सांगसान का?"

"मी कवा गावात काय सांगतलं?"

"तेच तं. तुमी सांगत नाई काई. तुमच्या पोटात काय हाय ते कोनाले समजते?" ती म्हणाली. पण हात पुढे करून दाणे घेतले तिने. टाकताना तिने देवाचं नाव घेतलं, मोठ्याने, मला ऐकू जाईल असं.

कोंबड्या उकरतील म्हणून मी घमेल्यावर टोपली झाकली. संध्याकाळी पाहते तो टोपलीवर एक दगड ठेवलेला.

"म्याच ठेवला," जाऊ म्हणाली. "तुमी टोपली उचलून काई करसान तं दगड हललेला दिसन मले."

"मी काय करनार?"

"मले काय माहीत? म्हनूनच ठेवला."

मग पाणी घालायला आम्ही दोघी मिळून जायचो. एकटी कुणीच जात नसे. तिने दगड उचलायचा, मी टोपली. अशा आम्ही कधी एकत्र कामाला उभ्या राहिलो नव्हतो. एकदा ती तिच्या माहेरच्या म्हशीची गोष्ट सांगत होती आणि मी चक्क मधे एक प्रश्न विचारला. पण मनातून चक्कीतलं झाकण गेलं नव्हतं.

तूर उगवली. विटेच्या दोन्ही बाजूंना, सारखीच तरारून. सरकी कुठेच नाही. आम्ही वाट पाहिली, मग जावेने काडीने माती उकरली. तिच्या बाजूचे दाणे दाबले तर फुसकन फुटले, आत नुसता कुजका पाण्यासारखा लगदा. माझ्या बाजूचे तसेच.

"बी खराब हाय," जाऊ म्हणाली. "तुमचा हात गेला नाई बाई. बीच सडकं. चाला, हे घमेलं घ्या अन् आताच्या आता आजीकडे चाला."

मला रडू यायच्या बेतात होतं. सुटल्यासारखं झालं. मी घमेल्याला हात घातला आणि तिथेच थांबले. या वर्षी बी खराब म्हणून उगवलं नाही. मग इतकी वर्षं उगवलं ते कशाने?

जाऊ माझ्याकडे बघत होती. ती बोलकी असली तरी बिनडोक नाही. तिच्याही लक्षात आलं असावं, कारण ती पहिल्यांदा गप्प झाली. उद्यापरवा पहिला दाणा तीच टाकणार होती. शेत उगवलं तर गाव म्हणणार होतं, हिचा हात. घमेलं दाखवलं तर तो हात तिला मिळायच्या आधीच जाणार होता. आणि माझा गेलेला परत मिळण्याऐवजी कधी नव्हताच असा होणार होता.

"ठेवून द्या ना मंग," ती हळू म्हणाली. "कोनाले माहीत हाय?"

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिने माझ्या. आम्ही दोघी तशा उभ्या असताना मला आठवलं की आजीच्या मुलाने त्याच दुकानातून तशाच पुड्या आणून ठेवल्या आहेत. हे सांगितलं होतं तेही जावेनेच.

"तेच बी पुन्यांदा टोबतीन ते," मी म्हटलं.

जावेने काडी टाकून दिली. "हो. थेच तं."

मी घमेलं डोक्यावर घेतलं, त्यावर लुगड्याचा फडका टाकला. जाऊ आली नाही. म्हणाली, "मले बोलावलं हाय तिनं, म्या कशी येऊ? बी खराब हाय असं म्याच म्हनलं तं आजी म्हनन, हिले भेव वाटलं." ते खरंही असेल. तिला आजीला तोंड द्यायचं नव्हतं हेही खरं असेल. हापशीवरच्या बायांनी विचारलं, डोक्यावर काय नेऊन राह्यली? मी म्हटलं, माती. एक म्हणाली, आता माती मंतरून आनली वाटते. बाकीच्या हसल्या. माझी मान घमेल्यामुळे हलवता येत नव्हती, म्हणून मी सरळ चालत राहिले.

आजी ओसरीत डाळ निवडत होती. मुलगा मोबाईल बघत बसला होता. मी घमेलं खाली ठेवलं आणि फडका काढला. सांगायचं होतं ते वाटेत पाठ केलं होतं, पण तोंडातून भलत्याच क्रमाने निघालं. आधी तूर, मग वीट, मग जावेचा हात, मग पुड्या. आजीने सगळं ऐकलं.

"तुह्या हातावरचा बोल पुसाले आनलं का हे?"

"हो," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू? "अन् त्या पुड्या त्याच दुकानच्या हायेत म्हनून."

मुलाने उकरलेला दाणा बोटावर घेतला, वास घेतला. "मले शक होताच," तो म्हणाला.

हे ऐकून मी त्याच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. शक होता, तर गावभर माझा हात आटला म्हणत होते तेव्हा हा कुठे होता? पुड्या त्यानेच आणल्या होत्या. बी वाईट निघालं तर आईने त्याला विचारलं असतं. हात वाईट निघाला तर त्याला कुणी काही विचारत नव्हतं. मयतीची गोष्ट माझी जाऊ चक्कीत घेऊन गेली की या घरातून ती निघाली, हे मी तेव्हापासून ठरवू शकलेले नाही. त्याने माझ्या नजरेला नजर दिली नाही. पण उठून पुड्या पिशवीत भरल्या आणि गाडी काढली.

आजीने मला चहा दिला. कपात दिला, मी बशीत ओतून पीत होते तेव्हा ती माझ्या हाताकडे बघत राहिली.

"बी बदलतो आता," ती म्हणाली. "हातही बदलून पाहू म्हनतो या साली. तुले काई म्हननं नाई."

"बरं," मी म्हटलं.

इतकंच झालं. मी घमेलं घेऊन परत आले. जाऊ दारातच होती. "काय म्हने?" मी सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हनजे मलेच टाका लागते," आणि तिच्या तोंडावर काय होतं ते मला तेव्हाही वाचता आलं नाही.

टोबणीच्या दिवशी मी धुऱ्यावर बाकीच्यांबरोबर उभी राहिले. तिथून पहिलं तास फार लांब दिसतं, हे मला माहीत नव्हतं. जाऊ ओटी सांभाळत, ओठ घट्ट मिटून वाकून चालली होती. अर्ध्यापर्यंत बरं चाललं. मग ती एकदम उडी मारून म्हणाली, "माय वो, केवढी गोम!" धुऱ्यावर हसू पिकलं. आजीने कपाळावर हात मारून घेतला. जावेने पुन्हा तोंड मिटून तास पुरं केलं, पण झालं ते झालं.

शेत उगवलं. बोलून टोबलेलं तास आणि आम्ही टोबलेली तासं यांत काही फरक मला दिसला नाही, आणि मी पाहायला दोनदा गेले होते. बाया म्हणू लागल्या की धाकटीचा हात मोठीपेक्षा तेज, बोलली तरी गुण गेला नाही. कढीपत्ता लावायला आता तिला बोलावतात. ती जाते. येताना कधी माझ्याकडे बसते. एकदा म्हणाली, "लोक हात पायतात माहा, अन् मले घमेलं दिसते." मी हसले. तिने त्याच दिवशी पितळी गुंड परत आणून माझ्या ओट्यावर ठेवला. का आणला ते सांगितलं नाही. मी तो वाजवून बघितला, कुठे चीर गेली की काय म्हणून. गेली नव्हती.

घमेल्यातल्या तुरीची झाडं तशीच ठेवली. वाढल्यावर कुठली तिच्या बाजूची, कुठली माझ्या बाजूची ते कळेना, म्हणून शेंगांवरून आमचं भांडण झालं.

परवा गल्लीच्या टोकाला नवीन आलेली एक सून दुधाचं पातेलं घेऊन माझ्या दारात आली. तिला गावातलं काही माहीत नव्हतं, कुणीतरी जुनंच सांगितलं होतं.

"काकू, तुमचा हात चांगला हाय म्हनतात. माह्यं दही लागतच नाई. विरजन घालून द्या ना."

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग पातेल्यात बोट बुडवून पाहिलं, दूध थंडगार होतं.

"दूध कोनाचं हाय?" मी विचारलं. "अन् तापवलं कवा?"